बटण कुठे होते? – वाद्यांची पॅनेल आणि मिडीची गोष्ट

घरोघरी रेडिओ होता त्या काळात त्याच्या काचेवर पेन्सिलीची एक बारीक खूण हमखास दिसायची. मुंबई 'ब' किंवा विविध भारती जिथे स्वच्छ लागते, ती ही जागा. घरातल्या कोणी मधेच बटण फिरवून ठेवले तरी काटा पुन्हा खुणेपाशी आणला की काम झाले. एका बटणासाठी ही युक्ती पुरते. पण समजा, एकाच यंत्रावर अशी पन्नास बटणे आहेत. प्रत्येकाची जागा जमली तरच हवा तो आवाज निघतो. शिवाय गाणे चालू असताना त्यातली तीनचार बटणे ठरावीक क्षणी, ठरावीक वेगाने फिरवायची आहेत. मग पेन्सिल कुठेकुठे पुरणार?

इलेक्ट्रॉनिक वाद्ये वाजवणाऱ्यांपुढे १९६० च्या दशकापासून हाच प्रश्न उभा होता. आज संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकाच्या पडद्यावरचे चित्रातले बटण माउसने फिरवले, की टेबलावरच्या खऱ्या वाद्याचा आवाज बदलतो. ती हालचाल संगणक लिहून ठेवतो आणि उद्या, परवा किंवा वर्षानंतर तशीच्या तशी करून दाखवतो. इथवर मजल कशी गेली ते या लेखात पाहू. यातले विद्युतशास्त्र शाळेच्या पातळीचे आहे. त्याहून अवघड भाग होता तो प्रतिस्पर्ध्यांनी मिळून काय ठरवायचे आणि काय ज्याचे त्याच्यावर सोडायचे, हा. त्यातले जे मोकळे सुटले त्याची किंमत पुढे बरीच वर्षे मोजावी लागली.

व्होल्टची भाषा

अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी १९६४ मध्ये आपल्या सिंथेसायझरचे पहिले रूप तयार केले. हे वाद्य म्हणजे वेगवेगळ्या पेट्यांचा संच होता. एक पेटी कंपने निर्माण करी, दुसरी त्यातली काही गाळून आवाजाचा पोत बदली, तिसरी आवाज लहानमोठा करी. या पेट्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे वायरींनी एकमेकींना जोडायच्या. मोग यांची महत्त्वाची कल्पना अशी, की एका पेटीतून निघणाऱ्या विद्युतदाबाने दुसऱ्या पेटीचे बटण 'फिरवायचे'. हाताने फिरवण्याचे काम विजेकडे गेले.

त्यांनी नियम ठेवला, की विद्युतदाब १ व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढेल. एक सप्तक वर म्हणजे वारंवारता दुप्पट, हे आपल्याला ठाऊक आहेच. ११०, २२०, ४४०, ८८० हर्ट्झ या स्वरांसाठी १, २, ३, ४ व्होल्ट, असे हे कोष्टक झाले. विद्युतदाबाची अंकगणिती श्रेढी आणि वारंवारतेची भूमितीय श्रेढी यांची ही सांगड आहे. पण पुढे जपानमधल्या कॉर्ग आणि यामाहा या कंपन्यांनी आपल्या अनेक वाद्यांत वेगळा नियम घेतला. तिथे विद्युतदाब वारंवारतेच्या सरळ प्रमाणात असे, म्हणजे त्याच स्वरांसाठी १, २, ४, ८ व्होल्ट. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र एका पद्धतीच्या वाद्याची वायर दुसऱ्या पद्धतीच्या वाद्याला जोडली तर सगळेच बेसूर.

मोग यांचे यंत्र एका वेळी एकच स्वर वाजवी. वेंडी कार्लोस यांची १९६८ मधली 'स्विच्ड-ऑन बाख' ही गाजलेली ध्वनिमुद्रिका एकेक सुरावट वेगळी मुद्रित करून, थरावर थर चढवून तयार झाली. भारतातही हे यंत्र लवकर आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोगच्या यंत्रासह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला.

एकदा जमलेला आवाज पुन्हा कसा आणायचा? त्यासाठी वादक कागद वापरत. पॅनेलचे चित्र छापलेल्या कागदावर प्रत्येक बटणाचा काटा आणि प्रत्येक वायर पेन्सिलीने काढून ठेवायची. वायरींच्या या जोडणीला 'पॅच' म्हणत. आज वायरी राहिल्या नाहीत, तरी वाद्यात साठवलेल्या आवाजाला वादक अजून 'पॅच'च म्हणतात.

बटणाचा आकडा झाला

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील सीक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कंपनीने 'प्रॉफेट-५' हे वाद्य बाजारात आणले. ते डेव्ह स्मिथ यांनी रचले होते. एकाच वेळी पाच स्वर वाजवणाऱ्या या वाद्यात सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे मायक्रोप्रोसेसर होता. तो सगळ्या बटणांकडे ओळीने पाहत जाई. बटण कोणत्या जागी आहे हे त्यातून मिळणाऱ्या विद्युतदाबावरून कळते. त्या विद्युतदाबाचे तो आकड्यात रूपांतर करी आणि आकडा स्मृतीत ठेवी. एक कळ दाबली की सगळे आकडे पुन्हा विद्युतदाबात बदलून आवाज करणाऱ्या भागांकडे जात. असे ४० आवाज त्यात साठवता येत. वीज बंद असतानाही आकडे टिकावेत म्हणून आत एक छोटी बॅटरी असे. ही बॅटरी लक्षात ठेवा, तिचा विषय शेवटी पुन्हा येणार आहे.

इथे एक नवीनच अडचण निर्माण झाली. साठवलेला आवाज परत आणला की आतले आकडे बदलतात, पण पॅनेलवरचे बटण जिथे होते तिथेच राहते. डोळ्यांना दिसणारी जागा आणि कानांना ऐकू येणारा आवाज यांची फारकत झाली. मग आवाज जरासा बदलावा म्हणून बटणाला हात लावला, की आकडा एकदम बटणाच्या जागेवर उडी मारी आणि आवाजाला हिसका बसे. बटणाची जागा आणि आकडा यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न पडद्यावरच्या पॅनेलपर्यंत आपली पाठ सोडणार नाही.

प्रतिस्पर्ध्यांचा करार

आकडा झाला म्हणजे तो तारेतून दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येतो. पण कोणत्या भाषेत? १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीची तार वेगळी, पिना वेगळ्या आणि संकेत वेगळे होते. एकाच कंपनीची वाद्ये मात्र आपसांत बोलू शकत. याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात रोलँड या जपानी कंपनीचीच तीन यंत्रे होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. ताल आणि खर्जाची यंत्रे एका लयीत ठेवण्यासाठी रोलँडची स्वतःची तार होती. तिच्यातून प्रत्येक मात्रेला २४ विद्युत ठोके जात. दुसऱ्या कंपनीचे यंत्र मधे घालायचे तर ते सहज जमण्यासारखे नव्हते.

रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात हा विषय टॉम ओबरहाइम यांच्याकडे काढला. ओबरहाइम यांनी तो डेव्ह स्मिथ यांच्याकडे नेला. हे तिघेही वाद्य-उत्पादक, म्हणजे एकमेकांचे स्पर्धक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मिथ यांनी सहकारी चेट वुड यांच्यासह ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एका सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. पुढचे वर्षभर रोलँड, यामाहा, कॉर्ग, कवाई या जपानी कंपन्या आणि स्मिथ यांच्यात प्रस्ताव-प्रतिप्रस्ताव चालू राहिले. जानेवारी १९८३ च्या मेळ्यात सीक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. एकावर वाजवलेला स्वर दुसऱ्यातून निघाला. ऑगस्ट १९८३ मध्ये या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याचे नाव 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस', थोडक्यात मिडी.

यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. हे मानक वापरण्यासाठी कोणाला हक्कशुल्क द्यावे लागत नव्हते. मोठ्या कारखान्यापासून घरातल्या खोलीत सर्किट जुळवणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत कोणीही ते वापरू शके. स्मिथ आणि काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काकेहाशी २०१७ मध्ये आणि स्मिथ २०२२ मध्ये निवर्तले.

सात बिटांचा निरोप

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, निरोप जातात. 'अमुक स्वर इतक्या जोराने दाबला', 'तो सोडला', 'आवाजाची पातळी इतकी कर', असे हे निरोप. प्रत्येक निरोप काही बाइटांचा असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यातला पहिला बिट १ असेल तर ती आज्ञा आणि ० असेल तर तो आकडा, असे ठरले. साहजिकच आकड्यासाठी सातच बिट उरतात आणि २ चा सातवा घात १२८, म्हणून मिडीतले साधे आकडे ० ते १२७ असतात. १४४, ६०, १०० हा निरोप म्हणजे 'पहिल्या वाहिनीवर ६० क्रमांकाचा स्वर १०० इतक्या जोराने वाजव'. १७६, ७, १०० म्हणजे 'पहिल्या वाहिनीवर ७ क्रमांकाचे बटण, म्हणजे आवाजाची पातळी, १०० वर ने'. अशा १६ वाहिन्या एका केबलमध्ये सामावतात, म्हणजे एका तारेवर सोळा वेगवेगळी वाद्ये आपापले निरोप ओळखू शकतात.

वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट. हा विचित्र आकडा कुठून आला? सूक्ष्मप्रक्रियकांना मिळणाऱ्या १० लाख हर्ट्झच्या ठोक्याला ३२ ने भागले की नेमके ३१,२५० येतात, आणि असा भागाकार स्वस्त सर्किटात सहज होतो. प्रत्येक बाइटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन जादा बिट जातात. म्हणून एका बाइटला १० भागिले ३१,२५०, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद लागतात. तीन बाइटांच्या निरोपाला ०.९६ मिलिसेकंद. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ३३ सेंटिमीटर जातो. म्हणजे एका स्वराचा उशीर वाद्यापासून एक फूट लांब बसण्याइतकाच. पण दहा स्वर एकदम दाबले तर शेवटचा निरोप सुमारे साडेनऊ मिलिसेकंदांनी पोहोचतो. हा मुद्दाही लक्षात असू द्या.

जोडणीतली आणखी एक खुबी विज्ञानशिक्षकांना आवडेल. येणारा विद्युतप्रवाह वाद्यात शिरताच एक छोटा प्रकाशदिवा लावतो आणि समोरचा प्रकाशसंवेदी ट्रान्झिस्टर त्याची उघडझाप वाचतो. दोन यंत्रांमध्ये या ठिकाणी विजेचा सरळ संबंध राहत नाही, मधे फक्त प्रकाश असतो. त्यामुळे एका यंत्राची गुणगुण दुसऱ्यात शिरत नाही.

१२८ पायऱ्या पुरेशा आहेत का? आवाजाच्या पातळीला बहुधा पुरतात. पण आवाजाचा पोत सावकाश बदलत न्यायचा असेल तर पायरी-पायरीचा खरखराट कानाला जाणवू शकतो. स्वर वाकवण्याच्या बाबतीत हे अजिबात चालले नसते. म्हणून त्या एका निरोपात सुरुवातीपासूनच दोन आकडे जोडून १४ बिट, म्हणजे १६,३८४ पायऱ्या ठेवल्या गेल्या. आपल्या मींडेसाठी ही सोय कामाची आहे. मात्र हा निरोप पूर्ण वाहिनीला लागू होतो, त्यामुळे एका वाहिनीवरचे सगळे स्वर एकदमच वाकतात.

पाकिटातला खाजगी मजकूर

आता कराराची दुसरी बाजू पाहू. स्वर दाबणे, सोडणे, पातळी वाढवणे हे सगळ्या वाद्यांना सारखे असते, ते ठरले. पण प्रत्येक वाद्याची आतली बटणे वेगळी. त्यांची एकच यादी करायला कोणी तयार झाले नसते आणि ते शक्यही नव्हते. म्हणून मानकात एक मोकळी जागा ठेवली गेली. २४० या आकड्याने पाकीट उघडायचे आणि पुढे कंपनीचा ठरलेला क्रमांक लिहायचा: सीक्वेन्शियलचा १, रोलँडचा ६५, कॉर्गचा ६६, यामाहाचा ६७. त्यापुढे आपल्याला हवा तो मजकूर हव्या त्या क्रमाने लिहायचा आणि २४७ ने पाकीट बंद करायचे. ज्याचे पाकीट त्यानेच वाचावे, बाकीच्यांनी दुर्लक्ष करावे. या पाकिटांना 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह' निरोप म्हणतात.

ही सोय नसती तर करार झालाच नसता, असे आम्हाला वाटते. पण तिचा परिणाम लगेच दिसला. १९८३ मध्येच यामाहाचे 'डीएक्स-७' आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या पद्धतीने ते आवाज घडवी आणि लाखाहून अधिक वाद्ये खपली. त्याच्या एका आवाजामागे दीडशेहून अधिक आकडे होते. एवढी बटणे पॅनेलवर बसवायची तर किंमत परवडली नसती. त्यामुळे ती काढूनच टाकली गेली. पॅनेलवर सपाट कळा, एक सरकते बटण आणि दोन ओळींची छोटी खिडकी. कळीने एक आकडा निवडायचा, सरकत्या बटणाने बदलायचा, मग पुढचा निवडायचा. दारातल्या टपालफटीतून आत डोकावून घर आवरण्यातला हा प्रकार! पुष्कळ वादक कारखान्यातून आलेल्या आवाजांवरच समाधान मानू लागले.

काही कंपन्यांनी बटणे वेगळी विकली. रोलँडच्या १९८७ च्या डी-५० या वाद्यासाठी पीजी-१००० नावाचे सरकत्या बटणांचे पॅनेल स्वतंत्रपणे मिळत असे. पण ते त्या एका घराण्याच्या वाद्यांपुरतेच. वाद्य बदलले की पॅनेल निरुपयोगी.

पडद्यावरचे पॅनेल

पडदा मात्र कोणतेही चित्र दाखवू शकतो. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीची छिद्रे मुळातच होती. अमेरिकेत ऑपकोडसारख्या कंपन्यांनी एकेका वाद्यासाठी संपादक-सॉफ्टवेअर काढले. ते वाद्यातले सगळे आकडे मागवून घेई, पडद्यावर मांडी आणि बदल परत पाठवी. डीएक्स-७ चे ३२ आवाज एकदम मागवले तर ४,१०४ बाइट येतात. वरच्या हिशेबाने त्याला सुमारे १.३ सेकंद लागतात. पेन्सिलीचा कागद एवढ्या वेळात भरला जाऊ लागला. पण प्रत्येक नव्या वाद्यासाठी कोणीतरी नवे सॉफ्टवेअर लिहायला हवे होते. यातूनच वापरणाऱ्यालाच पॅनेल रचू द्यावे ही कल्पना आली. १९८९ मध्ये अटारीवर सुरू झालेले क्यूबेस आणि १९९३ मधले लॉजिक या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये ही सोय होती. क्यूबेसच्या २००० नंतरच्या आवृत्त्यांत तर वाद्याचे पूर्ण पॅनेल बनवून ते गाण्याच्या पट्ट्याशेजारी ठेवता येऊ लागले.

हे पॅनेल कसे रचतात, ते डीएक्स-७ च्याच उदाहरणाने पाहू. त्यातले आवाज घडवणारे सहा घटक एकमेकांना कसे जोडायचे याच्या ३२ रचना आहेत आणि रचना ठरवणाऱ्या आकड्याचा क्रमांक १३४ आहे. पहिली पायरी म्हणजे सॉफ्टवेअरला वाद्याचे नाव आणि ते कोणत्या छिद्राला जोडले आहे हे सांगणे. दुसरी, निरोप लिहिणे. इथे सात बिटांची मर्यादा आडवी येते, कारण १३४ हा १२७ पेक्षा मोठा आहे. म्हणून त्याचे १२८ च्या पटीत दोन भाग करायचे: १ गुणिले १२८ अधिक ६. पूर्ण निरोप होतो २४०, ६७, १६, १, ६, क, २४७. 'क' ही बटणाच्या आकड्याची रिकामी जागा. बीजगणितातले चलपद ते हेच. तिसरी पायरी, 'क' ची मर्यादा सांगणे. वाद्याच्या खिडकीत रचना १ ते ३२ दिसतात, पण तारेतून जाणारा आकडा ० ते ३१ असतो. हा एकाचा फरक विसरला की पॅनेल कायम शेजारची रचना निवडते. चौथी पायरी, पडद्यावर बटण काढून ते या निरोपाशी बांधणे. असे दीडशे वेळा करायचे.

रोलँडच्या वाद्यांसाठी आणखी एक काम असते. आपण बेरीज-गुणाकाराचा ताळा पाहतो, तसा ताळ्याचा आकडा त्यांच्या निरोपात शेवटी असावा लागतो. २४०, ६५, १६, ६६, १८, ६४, ०, १२७, ०, ६५, २४७ हा त्यांच्या अनेक वाद्यांना मूळ स्थितीत आणणारा निरोप आहे. यातले ६४, ०, १२७ हा पत्ता आणि त्यापुढचा ० हा मजकूर. चौघांची बेरीज १९१. तिला १२८ ने भागले की बाकी ६३ आणि १२८ वजा ६३ बरोबर ६५. शेवटून दुसरा आकडा तोच आहे. बटण जरा फिरले की मजकूर बदलतो, म्हणजे ताळाही नव्याने मांडावा लागतो. तो चुकला तर वाद्य निरोप मानत नाही. ज्या सॉफ्टवेअरला हा हिशेब येत नसे, त्याला रोलँडचे पॅनेल बनवणे अवघडच होते.

पॅनेल तयार झाले की हालचालींची नोंद. सॉफ्टवेअर चालू गाण्यात बटण फिरवताना वेळ आणि आकडा यांच्या जोड्या लिहून घेते. त्या आलेखासारख्या रेषेने दिसतात. रेषा माउसने ओढून सुधारता येते आणि गाणे वाजताना रेषेवरून पुन्हा निरोप तयार होतात. पण इथे आधीचे सगळे मुद्दे एकत्र येऊन उभे राहतात. सात बाइटांच्या पाकिटाला २.२४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला फार तर ४४६ पाकिटे. दोनतीन बटणे वेगाने फिरली की तार भरून जाते आणि स्वरांचे निरोप मागे अडकून ताल लडखडतो. म्हणून जाणकार रेषेवरचे बिंदू विरळ करतात. मिडीची केबल एकमार्गी आहे. वाद्यावरचे खरे बटण फिरले ते पडद्याला कळायचे तर परतीची दुसरी केबल हवी, नाहीतर प्रॉफेट-५ ची जुनी फारकत इथेही होते. गाणे मधूनच सुरू केले तर सॉफ्टवेअरने मागची रेषा पाहून त्या क्षणाचा आकडा आधी पाठवायला हवा, नाहीतर वाद्य कालच्याच जागी अडलेले असते.

बॅटरी संपते तेव्हा

आता ती बॅटरी. जुन्या वाद्यांमधली बॅटरी काही वर्षांनी संपते आणि तिच्याबरोबर साठवलेले सगळे आवाज जातात. आकडे संगणकात उतरवून ठेवले असतील तर ते परत भरता येतात. पण संगणकातले सॉफ्टवेअरही टिकायला हवे. ऑपकोड ही कंपनी १९९८ मध्ये गिब्सनने विकत घेतली आणि थोड्याच काळात तिची उत्पादने बंद पडली. लॉजिक बनवणारी इमॅजिक २००२ मध्ये ॲपलकडे गेली. तिचे शेकडो वाद्यांना चालणारे साउंडडायव्हर हे संपादक-सॉफ्टवेअर पुढे बंद झाले. सॉफ्टवेअर गेले की ते ज्या जुन्या संगणकावर चालते तो जपण्याची पाळी येते.

मग काय टिकले? ज्या वाद्यांच्या पुस्तिकेत शेवटी पाकिटातल्या मजकुराचा पूर्ण तक्ता छापलेला होता, त्यांची पॅनेल आजही कोणीही नव्या संगणकावर नव्याने रचू शकतो. डीएक्स-७ चा १३४ क्रमांकाचा आकडा आम्ही वर बिनधास्त लिहू शकलो, तो त्या तक्त्यामुळेच. जगभरच्या हौशी मंडळींनी अशा तक्त्यांवरून पॅनेल बनवून एकमेकांना फुकट दिली. जिथे तक्ता छापलाच गेला नाही, तिथे एकेक बटण फिरवून तारेतून काय येते ते पाहत शिलालेख वाचल्यासारखे काम करावे लागले.

दरम्यान दुसरी एक वाट निघाली. १९९६ मध्ये क्यूबेसच्या निर्मात्यांनी, म्हणजे स्टाइनबर्गने, व्हीएसटी ही पद्धत आणली आणि १९९९ पासून तिच्यात संपूर्ण वाद्यच सॉफ्टवेअरच्या रूपात चालू लागले. असे वाद्य आपल्या बटणांची नावे आणि आकडे मुख्य सॉफ्टवेअरला स्वतःच सांगते, त्यामुळे नोंद ठेवायला तक्ता शोधावा लागत नाही. खऱ्या वाद्यांना ही सोय मिळण्याचा मार्ग जानेवारी २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडी २.० ने खुला केला. त्यात संवाद दुतर्फा आहे, बटणाच्या आकड्याला ३२ बिट आहेत आणि 'तुझ्याकडे कोणती बटणे आहेत?' असे विचारण्याची ठरलेली रीत आहे. १९८३ मध्ये मोकळी सोडलेली जागा ३७ वर्षांनी थोडीफार भरली. जुनी मिडी मात्र रद्द झाली नाही. नवी भाषा न समजणाऱ्या वाद्याशी जुन्याच भाषेत बोलायचे, असेच नव्या मानकातही ठरले आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे वाद्य आजच्या संगणकाला जोडता येते, ते यामुळे.

वर्गात हा विषय घ्यायचा तर वाद्याची गरज नाही. मुलांचे दोन गट करा. एका गटाने पंख्याच्या रेग्युलेटरची जागा आणि दिवा चालू-बंद हे दुसऱ्या गटाला फक्त टाळ्या वाजवून कळवायचे. संकेत त्यांनाच ठरवू द्या आणि ते फळ्यावर लिहून ठेवायला सांगा. मग तिसरा गट आणा, त्याच्याकडे दोन पंखे आणि एक रेडिओ आहे. पहिल्या दोघांच्या संकेतात हे बसते का? बसत नसेल तर काय आधीच ठरवायला हवे होते आणि काय मोकळे सोडलेलेच बरे होते? शेवटी फळा पुसा आणि आठवड्याने तोच खेळ पुन्हा खेळायला सांगा. संकेत वहीत कोणी उतरवून घेतले होते, ते तेव्हा कळेल.